मागच्या चाकावरचं नाव

आमच्या खालच्या मजल्यावरचा प्रणित माणूस म्हणून चांगला आहे. त्याला एकच वेड आहे, आणि ते वेड रॉकेलच्या वासासकट आमच्या खिडकीतून आत येतं. जुन्या बीएमएक्स सायकली. त्यातही अख्खी सायकल नाही, कारण ती मिळत नाही आणि मिळाली तर घरात मावत नाही. नुसती चाकं. वीस इंची, गंजलेली, भंगारवाल्याने नाक मुरडलेली. उरणच्या बंदरात ड्युटी करून तो घरी येतो, चहा पितो आणि गॅलरीत चाक मांडीवर घेऊन बसतो. त्याची आई ठमाबाई मूळची करंजाची. तिने गॅलरीत बोंबील वाळत घालायला दोरी बांधली होती. आता अर्ध्या दोरीवर बोंबील असतात आणि अर्ध्या दोरीवर चाकांच्या रिमा.

मला त्याचं काम बघायला आवडायचं, हे मी कबूल करते. शाळेत दिवसभर गणित शिकवून आलं की डोकं चालवायची इच्छा राहत नाही. मी जिन्यात उभी राहून बघायची. चाकाच्या मधोमध जो गोल भाग असतो, ज्यात स्पोक येऊन अडकतात, तो हब. प्रणित तो खोलायचा, आतले छर्रे काढून रॉकेलच्या वाटीत टाकायचा, जुनं काळं ग्रीस पुसायचा. मग हब बाहेरून घासायचा, आधी जाड पॉलिश पेपरने, मग बारीक, मग ड्रिल मशीनला कापडी चकती लावून. शेवटी चाक परत बांधून गरगर फिरवायचा आणि डोळा बारीक करून ते कुठे डगमगतंय ते बघायचा. याला आऊट काढणं म्हणतात. एक स्पोक अर्धा फेरा कसायचा, समोरचा सैल करायचा. असं करता करता चाक सरळ धावायला लागलं की तो माझ्याकडे अशा नजरेने बघायचा, की जणू चाकाचा शोध त्यानेच लावलाय. मग फोटो काढून इंटरनेटवर टाकायचा आणि कुठल्या कुठल्या देशांतले लोक त्याला शाबासकी द्यायचे.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार अकरामध्ये, अम्मीच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी सुटली आणि घरावर संकट कोसळलं. पंख्यावरची धूळ तिला दिसली, ओट्याखालचं जाळं दिसलं, माझे पिकलेले केस दिसले. "हे कधी झालं?" असं तिने केसांबद्दल अशा आवाजात विचारलं की मलाच चोरी पकडल्यासारखं वाटलं. सगळं बघून झाल्यावर एके सकाळी ती म्हणाली, "माळ्यावरची चाकं काढ. मला तुझ्या अब्बांचं अक्षर बघायचंय."

यामागची गोष्ट सांगायला हवी. माझे अब्बा, यासीन, कुवेतला जायच्या आधी पनवेलच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानात नावं घालायला बसायचे. लग्नाची भांडी घ्यायची आणि त्यावर नाव घालून घ्यायचं, अमक्यास तमक्याकडून, तारीख, ही आपल्याकडची रीतच. दुकानाच्या दारात बसून हातातल्या मशीनच्या सुईने अब्बा टिंबटिंब करत अक्षरं काढायचे. अम्मी म्हणते त्यांचं अक्षर इतकं सुंदर होतं की लोक शिरढोणहून, उरणहून मुद्दाम त्यांच्याकडे यायचे. उरण तालुक्यातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत त्यांचं अक्षर असेल. आमच्या घरात मात्र एकाही भांड्यावर नाव नाही. अम्मीने सांगितलं की ते हसायचे, "आपली भांडी कुठे जाणार आहेत?" कुवेतहून ते पत्रंही पाठवत नसत. तिकडून सगळे पाठवायचे तशी कॅसेट पाठवायचे, आणि त्या कॅसेटना पुढे बुरशी लागली. ब्याण्णव साली ते तिकडेच वारले, दफनही तिकडेच झालं. अम्मीने नवऱ्याची कबर पाहिलेली नाही.

त्यांच्या हातचं जे काही आमच्याकडे उरलं ते दोन हबवर. मी आठ वर्षांची असताना ते रजेवर आले ते खोक्यात बीएमएक्स घेऊन. सायकल एक आणि पोरं दोन. मी आणि माझा मोठा भाऊ अब्दुल तिच्यावरून एकमेकांना ओरबाडायचो. शेवटी अब्बांनी जुन्या दुकानातून मशीन आणलं, पुढच्या चाकाच्या हबवर अब्दुलचं नाव घातलं आणि मागच्या चाकाच्या हबवर माझं. म्हणाले, "आता अर्धी अर्धी झाली. एकाने नेली तर दुसऱ्याचं चाक चोरलं." अब्दुलचं नाव आधी घातलं याचा मला भयंकर राग आला होता. माझं नाव पूर्ण होत आलं होतं, शेवटचा काना चालू होता, तेवढ्यात मी बघू दे म्हणून त्यांचा हात ओढला. सुई घसरली. शेवटच्या कान्यातून एक वाकडी रेघ खाली पार हबच्या कडेपर्यंत गेली.

अब्बा काही बोलले नाहीत. अम्मी मात्र बोलली, आणि पुढे तेवीस वर्षं बोलत राहिली. ते गेल्यावर तर जास्तच. कुणी पाहुणे आले, अब्बांचा विषय निघाला, की ती सांगायची, "एवढं मोत्यासारखं अक्षर. आणि ह्या पोरीने हात ओढला." हसत सांगायची, पण मला ते हसणं ओळखता येतं. सायकलचा सांगाडा कधीच भंगारात गेला, अब्दुल मस्कतला गेला, चाकं माळ्यावर राहिली आणि ही गोष्ट आमच्या बैठकीच्या खोलीत राहिली.

चाकं खाली काढली तर नावं दिसेनात. अब्दुलने कॉलेजात असताना चाकांना चंदेरी रंग फासला होता, त्यावर गंज चढला होता. अम्मीचा चेहरा पडला. मीच म्हटलं, "प्रणित करून देईल. तो यातला वेडा आहे." ती तयार नव्हती. मी तिला तयार केलं. निघताना तिने मला दोनदा बजावलं, "त्याला सांग हो, आत नाव आहे. जपून कर म्हणावं."

मी खाली गेले आणि सांगितलं नाही.

विसरले असं मी सगळ्यांना सांगू शकते, पण ते खरं नाही. जिभेवर आलं होतं. पण नावाचं सांगितलं की नाव कुणी घातलं ते सांगायला लागलं असतं, मग ती रेघ आणि माझा हात. प्रणित हसला असता, ठमाबाई "आगो बाय" म्हणाली असती, आणि ती गोष्ट आता खालच्या मजल्यावरही राहायला गेली असती. मला कंटाळा आला होता तिचा. इतका मोठा माणूस रंग काढताना नाव बघणार नाही का, असं मी मनाला समजावलं. मी एवढंच म्हटलं, "अम्मीला एकदम चकाचक पाहिजेत."

"चकाचक म्हणजे आरशासारखी करतो, ताई," प्रणित म्हणाला.

पुढचे काही आठवडे मी जिन्यात थांबले नाही. शाळेच्या परीक्षा होत्या. अम्मी गॅलरीतून वाकून खाली विचारायची, "प्रणित, झालं का रे?" आणि तो वर बघायचा, "होतंय, खाला." खाला म्हणजे मावशी. सुरुवातीला उत्साहाने म्हणायचा. नंतर नंतर वर न बघताच म्हणायला लागला. मला वाटलं, बंदरात ड्युटी वाढली असेल.

एका रविवारी दुपारी तो चाकं घेऊन वर आला. अम्मी नमाज पढत होती. त्याने चाकं भिंतीला टेकवून ठेवली, "खालांना दाखवा" म्हणाला आणि पाणीसुद्धा न पिता गेला. चाकं खरोखरच सुंदर झाली होती. रिमा झळकत होत्या, स्पोक नवे होते. मी मागचं चाक उचलून हलकेच फिरवलं तर आवाज न करता कितीतरी वेळ फिरत राहिलं. मग ते थांबवून हबवर बघितलं. जिक्रा. अक्षर अब्बांचंच. तोच 'ज'चा पोटफुगा, तोच ताठ क, टिंबाला लागून टिंब. क्षणभर मला इतका आनंद झाला की मी अम्मीला हाक मारणार होते.

मग मला दिसलं की रेघ नाही. काना सरळ खाली येऊन जिथे थांबायला हवा तिथे नीट थांबला होता. मी चाक उजेडात नेलं, हबवरून नख फिरवलं. काही लागलं नाही. ती रेघ खोल होती, लहानपणी माझं नख तिच्यात बसायचं. नख अक्षरातून फिरवलं तर त्यातला काळा रंग नखाला लागला आणि खाली कोरा चकचकीत धातू दिसला.

मी खाली गेले. प्रणित गॅलरीत नव्हता, स्वयंपाकघराच्या दारात खाली बसला होता. मी येणार हे त्याला माहीत असल्यासारखा.

"ते नाव कुठे गेलं?" मी विचारलं.

"आहे की, ताई."

"हे नाही. आधीचं."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मोठा बाप्या माणूस, हुंदके देऊन रडायला लागला. मग तुटक तुटक सांगितलं. मागचं चाक जास्त गंजलेलं म्हणून त्याने ते आधी घेतलं होतं. रंग आणि गंज एका वेळीच निघावा म्हणून सरळ जाड पेपर मारला, वर मशीन फिरवलं. आरशासारखं करायचं होतं ना. मग पुढचं चाक घेतलं. त्याचा गंज कमी होता, म्हणून नुसता रंग काढायचं औषध लावलं, आणि रंगाखालून अब्दुलचं नाव वर आलं. तेव्हा मागच्या हबवरही नाव असणार हे त्याच्या लक्षात आलं. मागच्या हबवर फिरून फिरून बॅटरी मारून बघितली. कुठे काहीच राहिलं नव्हतं.

"आयेनं अक्षर वळखलं," तो म्हणाला.

ठमाबाई ओट्यापाशी उभी होती. तिने फळीवरून एक पितळेचं तपेलं काढून माझ्यासमोर ठेवलं. काठाखाली ओळ होती, जगन कमळाकर कोळी यांस मामांकडून. "माज्या लग्नातलं हाय," ती म्हणाली. "आमी करंजावरून पनवेलला आलेलो भांडी घ्यायला. तुज्या बापानंच नाव घातलं. मी बाजूला बसून बघितलंय. लय गोड माणूस. मला म्हनाला, नवऱ्याचं नाव घालतोय, तोंडानं घेत नाय ना, मग वाचून घे."

मी तपेल्यावरचा ज बघितला, मग क. मी त्या दोघांच्यात खालीच बसले. प्रणितने तपेलं आणि हब घेऊन बाजारातल्या नाव घालणाऱ्या पोऱ्याला गाठलं होतं, जगनचा ज, कमळाकरचा क, असं एकेक अक्षर गिरवून घेतलं होतं. नवं दिसू नये म्हणून वर बुटाचं पॉलिश चोळलं होतं. त्याला रेघेबद्दल ठाऊक असायचं कारणच नव्हतं. ते आमच्या घरच्यांना आणि पाहुण्यांना माहीत, आणि मी त्याला सांगितलं नव्हतं.

"मी वर येतो," प्रणित डोळे पुसत म्हणाला. "खालांच्या पाया पडतो आणि सांगून टाकतो. मला जेवण जात नाय, ताई. सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाय."

"तुला चैन पडावं म्हणून मी अम्मीला हे ऐकवू?" मी म्हटलं. "नवऱ्याचं अक्षर बघायला तिने डोळे करून घेतले. तिला काय सांगणार, पुसलं म्हणून?"

माझा आवाज चढला होता. प्रणित खाली मान घालून ऐकत राहिला, आणि मला स्वतःची किळस आली. कारण मी अम्मीला जपत होतेच, पण त्याहून जास्त स्वतःला जपत होते. प्रणित वर आला असता तर अम्मीने पहिलं हेच विचारलं असतं, की तुला जिक्राने नावाचं सांगितलं नव्हतं का? बिचाऱ्याने तोपर्यंत एकदाही मला विचारलं नव्हतं, ताई तुम्ही बोलला का नाहीत. सगळा दोष स्वतःकडे घेऊन बसला होता आणि मी तो त्याच्याकडेच राहू दिला. वर त्यालाच दटावत होते.

"तू काही बोलायचं नाहीस," मी म्हटलं. "मी बघते."

ठमाबाई तपेलं परत फळीवर ठेवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "खोटं सांगायचं तर सांग, बाय. पन मंग ते रोज सांगावं लागंल."

मी वर आले तेव्हा अम्मीची नमाज झाली होती. तिने चाक बघितलं होतं. खिडकीजवळ खुर्ची ओढून, मागचं चाक मांडीवर घेऊन ती बसली होती आणि हब डोळ्यांच्या इतका जवळ धरला होता की नाक स्पोकला लागत होतं. मी दारातच थांबले. तिला कळलंय असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला हायसंही वाटलं. आता ती ओरडेल, मी रडेन, आणि एकदाचं संपेल.

"जिक्रा," ती म्हणाली, "ती रेघ गेली गं."

मी चपला काढायला वाकले.

"वरवरचीच असणार. मी उगाच खोल समजत होते. गंज काढताना गेली असेल, नाही का? आणि नाव बघ कसं तसंच्या तसं राहिलंय. हुशार आहे हो पोरगा." तिने पदराने डोळे टिपले, ऑपरेशननंतर डोळे चोळायचे नाहीत म्हणून अगदी हलक्या हाताने. "तेवीस वर्षं मी तुला बोलले. पाव्हण्यांसमोर बोलले. आठ वर्षांचं लेकरू होतीस, तुला काय कळत होतं? ते गेले म्हणून राग कुणावर तरी काढायचा, तो तुझ्यावर काढला. माफ कर मला."

ह्या एका वाक्याची मी किती वाट पाहिली होती ते मला तेव्हाच कळलं. लहान असताना पाहिली, अब्बांची खबर आली तेव्हा पाहिली, माझं लग्न मोडून मी घरी परत आले तेव्हाही, सगळ्यांनी समजूत घातली आणि तिने मात्र नुसतं जेवायला वाढलं तेव्हाही पाहिली. आता ती माफी मागत होती आणि मला ती घेता येत नव्हती. मी तिचा हात धरून म्हणायला हवं होतं, अम्मी, थांब, हे त्यांचं नाही. तोंड उघडलंही. पण तिचा चेहरा असा काही मोकळा झाला होता की माझ्याने झालं नाही. आणि ती वाकडी रेघ मला आयुष्यात पहिल्यांदाच हवीशी वाटली. अब्बांचा हात आणि माझा हात एकाच वेळी कुठे लागले असतील तर तिथे, आणि ते मीच पुसायला देऊन आले होते.

"असू दे अम्मी," मी म्हटलं.

"असू दे काय? इकडे ये. बस."

मी तिच्या खुर्चीपाशी खाली बसले. तिने चाक माझ्याकडे वळवलं, माझा उजवा हात धरला, चार बोटं मुडपली आणि पहिलं बोट 'ज'वर ठेवलं. पाटीवर अक्षर गिरवायला शिकवतात तसं ती माझं बोट हळूहळू पुढे नेऊ लागली. खाली प्रणितच्या घरात भांड्यांचा आवाज येत होता. बाजारातल्या कुणा पोऱ्याची सुई जिथून फिरली होती तिथून माझं बोट फिरत होतं.

"लागतोय का त्यांचा हात?" अम्मीने विचारलं.

"हो अम्मी," मी म्हटलं. "लागतोय."

"मग परत फिरव," ती म्हणाली, आणि माझं बोट उचलून तिने पुन्हा 'ज'वर ठेवलं.